सुरक्षा समितीतील हैदराबाद-प्रकरण आणि आपला परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्यातील ज्ञातिबांधवांस १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. त्या सायंकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपल्या सैन्यास युद्ध थांबविण्याची आज्ञा दिली आणि मराठवाड्याच्या पारतंत्र्याचा शेवट झाला. हा दिवस आपण दरवर्षी ध्वजवंदनाने साजरा करतो. परंतु त्याच आठवड्यात सातासमुद्रापलीकडे पॅरिस नगरीत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे, आपल्याच भवितव्याविषयी दोन मुत्सद्द्यांचा वाद रंगला होता, ही हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ती सांगण्याचा व तीतून घेण्याजोगा बोध पुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

त्या काळचे हैदराबाद संस्थान म्हणजे सोळा जिल्हे, सुमारे ८२,००० चौरस मैलांचा प्रदेश आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लक्ष प्रजा. परभणी हा त्यांतील एक जिल्हा. आजचा हिंगोली जिल्हा आणि जालना जिल्ह्यात गेलेला परतूर तालुका हे तेव्हा परभणीतच मोडत. याच परतुरास १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले व संस्थानातील मराठी प्रजेने आपली गाऱ्हाणी प्रथमच संघटितपणे मांडली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा उभा राहिला. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे यांनी त्यात प्राणार्पण केले. वसमतचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांचे अधिराज्य संपले, तेव्हा निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला. परंतु उभय पक्षी अविश्वास वाढतच गेला. कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेने गावोगाव दहशत बसविली. जाळपोळ, लूट व खून यांना कंटाळून कितीएक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आश्रयास गेली. उलट बाजूने, भारत सरकारने आमची आर्थिक कोंडी चालविली आहे, अशी निजाम सरकारची तक्रार होती.

अशा परिस्थितीत २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे तारेने फिर्याद केली. राष्ट्रसंघाचे सभासद नसलेल्या राज्यासही आपला तंटा समितीपुढे नेता येतो, असे सनदेच्या ३५ व्या कलमात आहे; त्याचाच आधार या फिर्यादीस होता. समिती विचारास बसण्यापूर्वीच १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य फौज सोलापुराकडून चालून आली. दुसरी औरंगाबादच्या बाजूने उतरली. मोहीम चालू असतानाच, १६ सप्टेंबर रोजी, पॅरिसच्या शायो प्रासादात हे प्रकरण समितीपुढे आले.

हैदराबादतर्फे उभे होते निजामाचे मंत्री नवाब मोईन नवाझ जंग आणि भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. मुदलियार हे काही सामान्य वकील नव्हेत. राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे १९४६ साली ते पहिले अध्यक्ष झाले होते. शिवाय ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. ज्या संस्थानाने भारतात सामील होण्याचे मान्य केले, त्याच्याच दिवाणाने न सामील झालेल्या संस्थानाविरुद्ध बोलावे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

नवाबांचे म्हणणे असे की, ब्रिटिश अधिराज्य संपताच हैदराबाद स्वतंत्र झाले. त्यावर झालेला हल्ला हा एका राज्याने दुसऱ्यावर केलेला हल्ला आहे. मुदलियार यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. हैदराबाद हे राज्यच नव्हे; ना इतिहासात कधी, ना १९४७ पूर्वी, ना ब्रिटिश पार्लमेंटच्या कोणत्या कायद्याने त्यास स्वातंत्र्याचा दर्जा मिळाला; म्हणून समितीपुढे येण्याचा त्यास अधिकार नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. समितीने प्रकरण कार्यक्रमपत्रिकेवर घेतले. अकरांपैकी आठ मते अनुकूल पडली. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले.

दुसऱ्या दिवशी हैदराबाद शरण आले आणि २२ सप्टेंबरला निजामाने तार करून फिर्याद मागे घेतली. पुढे २८ सप्टेंबरला पुन्हा चर्चा झाली. १९४९ च्या मे महिन्यात पाकिस्तानने विषय पुनश्च उकरला. पण समितीने या प्रकरणी कोणताही ठराव केला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. ज्या १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आले, त्याच दिवशी जेरुसलेम येथे राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या झाली. पॅलेस्टाइनमधील शस्त्रसंधीवर देखरेख करण्यास राष्ट्रसंघाने निरीक्षक धाडून काही महिनेच लोटले होते. शांतिरक्षणाच्या कार्याचा तो प्रारंभ होय. भारतानेही त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी काश्मीरची तक्रार समितीकडे नेली होती. जी संस्था स्वतःच्या मध्यस्थाचे रक्षण करू शकली नाही, तिने जिंतूर-कळमनुरीच्या गावकऱ्यांचे रक्षण केले असते, अशी कल्पना कोणी करू नये.

आता प्रश्न हा की, या वादात आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे, विणकराचे, मजुराचे म्हणणे कोणी मांडले? नवाब निजामाच्या वतीने बोलले. संस्थानातील प्रजेने त्यांस निवडून दिलेले नव्हते. मुदलियार यांनी रझाकारांच्या अत्याचारांचा उल्लेख केला. तो यथार्थ होता. तथापि त्यांच्या युक्तिवादाचा कणा अधिकारक्षेत्राचा होता, प्रजेच्या दुःखाचा नव्हे. मुत्सद्द्याचे कामच असे असते. तो ज्या दुःखाचा दाखला देतो, ते दुःख खरे असू शकते; पण दाखला संपला की त्याचे बोलणे संपते. प्रजेला स्वतःचा आवाज मिळाला तो १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

मुत्सद्द्याचे बोलणे संपल्यावर काय घडले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमान प्रजेवर सूड उगविला गेला. याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सदिच्छा मंडळ पाठविण्यात आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानात फिरले. मृतांचा त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळले, असे त्यांनी नोंदविले. सर्वाधिक हानीच्या आठ जिल्ह्यांत परभणीचे नाव नाही. पण नांदेड, बीड व औरंगाबाद हे आपले शेजारी त्यांत आहेत. सरदार पटेलांना हा अहवाल एकांगी वाटला. तो कित्येक दशके अप्रकाशितच राहिला. आज अभ्यासकांस तो पाहावयास मिळतो.

हे मंडळ मराठवाड्यातील उद्ध्वस्त घरे पाहत असतानाच, ज्या प्रासादात हैदराबादचा वाद झाला त्याच प्रासादात, ९ डिसेंबरला वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. पॅरिसमध्ये ज्या हक्कांची घोषणा झाली, ते हक्क सप्टेंबरपूर्वी रझाकारांनी पायदळी तुडविले आणि सप्टेंबरनंतर सूडबुद्धीने पेटलेल्या जमावांनी. पहिली गोष्ट आपण अभिमानाच्या कथेत गुंफून सांगतो. दुसरी सांगताना आपली वाणी अडखळते. न्यायबुद्धी मात्र दोहोंस एकच माप लावते. तसे केल्याने मुक्तिसंग्रामाचे तेज उणावते, असे मानण्याचे कारण नाही. लढा अन्यायाविरुद्ध होता. म्हणूनच त्यानंतर घडलेला अन्यायही अन्यायच म्हटला पाहिजे.

त्याच अहवालातील एक नोंद आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष आदराने जपावी अशी आहे. कित्येक ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले, आणि हा बंधुभाव एकाच व्यवसायातील माणसांत अधिक दिसून आला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांस वाचविले. जातीचे व धंद्याचे नाते माणसास संकुचित करते, असा आक्षेप आपल्यावर नेहमी घेतला जातो. त्या भीषण दिवसांत मागाच्या नात्याने धर्माची भिंत ओलांडली, हे त्या आक्षेपास उत्तर आहे. मात्र ते नाते आपण तसेच रुंद ठेवू तरच.

सुरक्षा समितीची भाषणे छापील इतिवृत्तांत सुरक्षित आहेत. परंतु गंगाखेड, पाथरी, जिंतूर, हिंगोली या भागांत १९४८ साली कोण घर सोडून गेले, कोण मारले गेले, कोणी कोणास कणगीत वा माळ्यावर लपविले, याचे इतिवृत्त कोणीच लिहून ठेवलेले नाही. ते दिवस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता अगदी मोजकी उरली आहेत. प्रत्येक शाखेने आपापल्या गावातील अशा वृद्धांकडून, मग ते कोणत्याही धर्माचे वा ज्ञातीचे असोत, त्या वर्षाची हकीकत विचारून लिहून घ्यावी. सप्टेंबरपूर्वीचे आणि सप्टेंबरनंतरचे, दोन्ही महिने तीत यावेत, आणि ती टिपणे पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी पाठवावीत, एवढीच विनंती.