खंड, भाडं आणि कोलाडची जमीन
मुंबईत घर घेऊन भाड्याने देणं परवडेना, म्हणून गुंतवणूकदार कोलाडकडे वळतोय: प्लॉट घ्यायचा, बंगला बांधायचा, कुंडलिकेवर राफ्टिंगला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचा. पण दुसऱ्याच्या भाड्यावर जगणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. खोत कुळांकडून भाताचा खंड घ्यायचा. त्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. पुढे १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारी कुळं मालक मानली गेली. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडं गोठलं, पण भाडेकरू मालक झाला नाही. आपल्याकडे झाला. आता तीच जमीन विकून त्याचा नातू त्याच बंगल्याचा राखणदार होणार, की जमीन राखून स्वतःच खोल्या भाड्याने देणार? आपण हिशेब इथून मांडू.