अपस्फीत नीलांच्या उपचारानंतरची सोनोग्राफी तपासणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात नव्या शस्त्रक्रिया व नवी औषधे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे उपचारानंतरच्या तपासणीला मिळालेले नाही. रुग्ण बरा झाला असे कोणी, कशाच्या आधारे आणि उपचारानंतर किती काळाने म्हणावयाचे, हा प्रश्न मात्र उपचाराइतकाच जुना आहे. पायांवरील फुगलेल्या, नागमोडी नीलांचा विकार, म्हणजे परिभाषेतील अपस्फीत नीला व रोजच्या बोलण्यातील व्हेरिकोज व्हेन्स, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. हा विकार उघड्या डोळ्यांना दिसतो. त्यामुळे तो गेला की नाही हेही डोळ्यांनाच कळते, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोनोग्राफीने ती मोडीत काढली. या तपासणीने केवळ उपचाराचे फलित मोजले नाही, तर 'बरे होणे' या कल्पनेचा अर्थच बदलला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

डोळा आणि हात यांचे युग

पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हृदयाकडे चढते, ते नीलांमधील झडपांच्या आधाराने. झडपा निकामी झाल्या की रक्त उलट खाली येते आणि त्वचेलगतच्या नीला फुगतात. इंग्लंडमधील शल्यविशारद बेंजामिन ब्रॉडी यांनी १८४६ मध्ये या उलट्या प्रवाहाची साधी चाचणी सांगितली होती. पुढे जर्मनीत बॉन येथे फ्रीडरिश ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी १८९० च्या सुमारास मांडीतील दीर्घ सॅफेनस नीला बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि त्या चाचणीला आपले नाव मिळवून दिले. रुग्णाला झोपवून पाय वर धरावयाचा, नीला रिकाम्या होऊ द्यावयाच्या, मांडीवर दाब देऊन त्याला उभे करावयाचे आणि मग दाब सोडावयाचा. नीला वरून खाली झरझर भरल्या तर झडप निकामी! त्यांचे सहायक गेओर्ग पेर्थेस यांनी १८९५ मध्ये या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला, तेव्हाही परीक्षकाची साधने हीच होती. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी नीला आतून वा बाहेरून सोलून काढण्याच्या पद्धती रूढ केल्या. तपासणीची पद्धत मात्र बदलली नाही.

याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. काही वर्षांनी नीला पुन्हा फुगल्या तर दोष प्रायः शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या माथी येई. जांघेतील एखादी उपशाखा बांधावयाची राहून गेली असावी, असा निष्कर्ष काढला जाई. तो खरा की खोटा हे ठरविण्यास पाय पुन्हा उघडण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. नीलेत रंजक द्रव्य टोचून क्ष-किरण चित्र घेता येत असे. पण तक्रार नसलेल्या माणसाला दर वर्षी अशी सुई कोण टोचून घेणार?

सिअ‍ॅटलचे यंत्र

ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे मांडलेल्या तत्त्वाचा रक्तप्रवाहासाठी उपयोग होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाची हालचाल आणि नंतर रक्ताचा प्रवाह टिपला. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डोनाल्ड बेकर, जॉन रीड आदी अभियंते आणि शल्यविशारद यूजीन स्ट्रँडनेस यांच्या सहकार्यातून या विद्येला रुग्णालयीन रूप आले. रक्तवाहिनीचे चित्र आणि तिच्यातील प्रवाह एकाच वेळी दाखविणाऱ्या ड्यूप्लेक्स यंत्राचे वर्णन तेथील गटाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्राचे पहिले लक्ष्य रोहिण्या, विशेषतः मानेतील रोहिण्या, हे होते. नीलांची पाळी पुढच्या दशकात आली.

१९८९ मध्ये व्हॅन बेमेलेन व स्ट्रँडनेस यांच्या गटाने रुग्णाला उभे करून, पायावर फुगविलेला पट्टा एकदम सैल करून उलटा प्रवाह किती वेळ टिकतो हे मोजले. अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकणारा प्रवाह सदोष मानण्याचा प्रघात येथून दृढ झाला. 'उभे करून' ही अट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु आडव्या झोपलेल्या रुग्णात झडपेची खरी परीक्षाच होत नाही. ट्रेन्डेलेनबुर्ग यांच्या चाचणीतील शहाणपण यंत्राच्या युगातही असे टिकून राहिले.

ग्लॉस्टरचा पुरावा

वेदनारहित, सुईविरहित आणि हवी तितक्या वेळा करता येणारी तपासणी हाती आल्यावर उपचारानंतरच्या वर्षांकडे प्रथमच पद्धतशीरपणे पाहता आले. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे काही रुग्णांत जांघेजवळ नीला केवळ बांधली, तर काहींत बांधून मांडीतील भागही सोलून काढला. कोणाला काय करावयाचे ते चिठ्ठीच्या न्यायाने ठरले. दोन वर्षांनंतरच्या ड्यूप्लेक्स तपासणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. बांधलेल्या जागी नव्या सूक्ष्म नीला उगवून तुटलेला मार्ग पुन्हा जोडतात आणि विकार उलटण्याचे तेच प्रमुख कारण आहे, असे या गटाने म्हटले. शल्यविशारदाच्या हलगर्जीपणाबद्दलच्या जुन्या निष्कर्षाला हा मोठाच धक्का होता. या नव्या नीला खरोखर नव्या की आधीच्याच बारीक नीला रुंदावलेल्या, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. पाच वर्षांनंतरची आकडेवारी १९९९ मध्ये आली. केवळ बांधलेल्या ५८ पायांपैकी १२ पायांवर, तर सोललेल्या ५२ पायांपैकी ३ पायांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती किंवा ती करावयाची ठरली होती. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी केवळ पाय पाहून हा भेद कळणे शक्य नव्हते.

मात्र या तपासणीने एक नवी अडचणही निर्माण केली. पडद्यावर उलटा प्रवाह दिसतो, पण रुग्णाला त्रास नाही, अशा व्यक्तीला रोगी म्हणावयाचे काय? १९९८ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवणाऱ्या अपस्फीत नीलांची व्याख्या ठरविली, ती यंत्राच्या नव्हे तर दिसणाऱ्या लक्षणांच्या आधारे. सोनोग्राफी सर्वत्र पोहोचत असताना तज्ज्ञांनी डोळ्याची साक्ष प्रमाण मानावी, हा विरोधाभास अर्थपूर्ण आहे.

उष्णतेचे उपचार आणि गुठळीची भीती

१९९९ मध्ये अमेरिकेत रेडिओफ्रिक्वेन्सीच्या आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लेझरच्या उष्णतेने नीला आतून बंद करण्यास मान्यता मिळाली. आता नीला काढली जात नव्हती. ती जागीच राहून बंद होत होती. ती बंद झाली की नाही हे हाताला कळत नाही. त्यामुळे सोनोग्राफी उपचाराच्या आधी, उपचार चालू असताना आणि उपचारानंतरही अनिवार्य झाली.

तपासणीचा हेतूही बदलला. २००४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका गटाने रेडिओफ्रिक्वेन्सी उपचारानंतर ७३ पायांपैकी १२ पायांत खोल नीलेपर्यंत पोहोचलेली गुठळी आढळल्याचे सांगून सावधगिरीचा इशारा दिला. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. २००६ मध्ये लोवेल कॅबनिक यांनी अशा गुठळ्यांचे चार वर्ग मांडले आणि उपचारानंतर काही दिवसांतच सोनोग्राफी करण्याची रीत बहुतेक केंद्रांत रुळली. मूळ इशारा रास्त होता. पण नंतरच्या मोठ्या रुग्णसमूहांत धोकादायक वर्गांतील गुठळ्यांचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपासच आढळले. एका लहान मालिकेतील आकडा रूढीला जन्म देतो आणि रूढी मात्र आकडा बदलल्यावरही चालू राहते, याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रात या यंत्राभोवती आणखी एक संदर्भ आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले यंत्र नोंदणीखेरीज ठेवता येत नाही. पायातील नीला तपासणारा शल्यविशारदही त्यामुळे स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत येतो. फेरतपासणीसाठी सुटसुटीत यंत्र रुग्णाच्या घरी नेणे त्याला सहज शक्य नसते.

२०२३ मध्ये अमेरिकेतील तीन व्यावसायिक संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनी या रूढीला आवर घातला. उष्णतेच्या उपचारानंतर सामान्य जोखमीच्या व तक्रार नसलेल्या रुग्णाची केवळ गुठळी शोधण्यासाठी सरसकट लवकर सोनोग्राफी करू नये, असे त्यांत सांगितले आहे. पाय सुजला वा दुखू लागला तर, तसेच गुठळीचा धोका मुळातच अधिक असेल तर, ही तपासणी लवकर करावयाची आहे. उष्णतेविना नीला बंद करणाऱ्या नव्या पद्धतींच्या बाबतीत मात्र तक्रार नसली तरी ती करण्यास मुभा ठेवली आहे.