पोलिसांपुढची कबुली

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षं छापून येतं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ तुम्ही-मी ते चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो. आता हे वाक्य कायद्याच्या चष्म्यातून पाहा. कबुलीसाठी मारहाण करणं हा आपल्या दंडसंहितेत १८६० पासून गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. त्या कलमाला जी उदाहरणं जोडलेली आहेत, त्यातलं पहिलंच उदाहरण आरोपीचा छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं आहे. आणि त्या खाक्यानंतर जी कबुली येते, ती आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वाचताच येत नाही. खरी असो, खोटी असो. मारून घेतलेली असो की चहा पाजून.

ही दुसरी गोष्ट जरा विचित्र आहे. ज्या इंग्रजांनी हा कायदा केला, त्यांच्या स्वतःच्या देशात असा सरसकट नियम नव्हता. तिथे कबुली स्वखुशीने दिली का एवढंच न्यायाधीश पाहायचा. मग इथेच का? त्यासाठी आपल्याला मद्रासला जावं लागेल.

१८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला की मद्रास इलाख्यात कंपनीचा सारा छळ करून वसूल होतो हे खरं का. कंपनीने तीन जणांचं एक कमिशन नेमलं. तक्रारींसाठी दारं उघडल्यावर माणसं लांबून लांबून येऊन आपली कहाणी सांगू लागली. १८५५ चा तो अहवाल आज वाचतानाही अंगावर काटा येतो. ‘किट्टी’ नावाचा लाकडी चिमटा, त्यात बोटं चिरडायची. माणसाला वाकवून मान आणि पाय दोरीने एकत्र जखडायचे आणि उन्हात ठेवायचं. डोळ्यांत मिरची. यातला बराचसा छळ गुन्हे कबूल करवण्यासाठी नव्हे तर साऱ्यासाठी होता, हे विसरू नका. तहसीलदाराकडे वसुलीही होती आणि पोलीसकामही. एकच हात, एकच चिमटा.

कमिशनने दोष कोणावर ठेवला? देशी नोकरांवर. गोरा साहेब म्हणजे रयतेचा रक्षणकर्ता, असा एकूण सूर. साऱ्याचा आकडा कोण ठरवत होतं आणि शिपायाला पगार किती मिळत होता, हे प्रश्न बाजूला राहिले. कार्ल मार्क्सने १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात याच अहवालावर लेख लिहिला, तेव्हा त्याने नेमकं या सारवासारवीवर बोट ठेवलं होतं.

तरीही अहवालाचा परिणाम झाला. १८६१ मध्ये एकाच वर्षी पोलीस कायदा आला आणि फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिताही आली. त्या संहितेत लिहिलं गेलं की पोलिसापुढची कबुली पुरावा नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणापुढे दिलेलीही नाही, फक्त मॅजिस्ट्रेट समोर हजर असेल तर चालेल. म्हणजे ज्या वर्षी सरकारने पोलीस खातं उभं केलं, त्याच वर्षी सरकारने कायद्यात लिहून ठेवलं की आमचा या खात्यावर विश्वास नाही! पुढे १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुरावा कायदा रचला आणि ही तरतूद २५ आणि २६ या कलमांत बसवली. स्टीफन यांनी नंतर आपल्या ग्रंथात एका मुलकी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवलंय. तो अधिकारी म्हणाला, छळामागे क्रूरपणा कमी आणि आळस जास्त असतो. उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं. एवढं थेट निदान नंतरच्या अहवालांतही मला क्वचितच सापडलं आहे.

मग प्रश्न आला की ‘पोलीस अधिकारी’ म्हणजे कोण? गावचा जमादार, की कलकत्त्याचा इंग्रज डेप्युटी कमिशनरसुद्धा? १८७६ मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे अशीच कबुली आली. ज्याच्यापुढे ती दिली होती तो साहेब मॅजिस्ट्रेटही होता. कोर्टाने सांगितलं, पोलीस तो पोलीस. हुद्दा मोठा म्हणून कलम वाकणार नाही. हा निकाल लक्षात ठेवा, शंभरेक वर्षांनी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता भिंत उभी राहिली. पण भिंतीला एक खिडकी ठेवलेली होती, कलम २७. आरोपीने ताब्यात असताना दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीला आली, तर माहितीचा तेवढा भाग कोर्टात चालतो. कल्पना अशी की वस्तू खोटं बोलत नाही. १९४६ च्या डिसेंबरात गुंटूर जिल्ह्यातल्या एका खुनाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ही खिडकी किती उघडी ते मोजून दिलं. आरोपी म्हणाला होता, मी अमुक माणसाला भाल्याने भोसकलं, भाला वाड्यात लपवलाय, जागा दाखवतो. न्यायाधीश म्हणाले, भाला लपवलाय हे चालेल, भोसकलं हे चालणार नाही. त्यांचा युक्तिवाद मोठा मजेदार आहे. घराच्या छपरातला चाकू काढून देतो म्हटल्याने चाकूचा शोध लागत नाही, चाकूचा शोध फार पूर्वीच लागलाय. शोध लागतो तो एवढाच की चाकू तिथे आहे हे या माणसाला ठाऊक होतं.

पण खिडकी आहे म्हटल्यावर सगळी वाहतूक तिथूनच सुरू झाली. आपल्याकडे कुठल्याही सेशन्स कोर्टात खुनाच्या खटल्याचे कागद उघडा. दोन पंच, निवेदन पंचनामा, ‘मी हत्यार लपवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला’, मग जीप, मग झुडूप, मग रक्ताचे डाग असलेला कोयता. पुष्कळदा ते खरंही असतं. पण वाक्यं इतकी सारखी की बोलणारा आरोपी की लिहिणारा हवालदार, असा प्रश्न पडावा. पंच ‘प्रतिष्ठित’ हवेत म्हणतात. प्रत्यक्षात पोलीस ठाण्याबाहेरचा टपरीवाला सापडतो, आणि चार-पाच वर्षांनी साक्षीच्या दिवशी तो सांगतो, ‘साहेब, मी फक्त सही केली.’ पंच फितूर, असं लिहून घेतात. तो फितूर होता की पहिल्यांदाच खरं बोलत होता, हे कोण ठरवणार?

भिंत पाडायचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो स्वतंत्र भारतात. १९८७ च्या टाडा कायद्याने एस.पी. किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं: दहशतवादाच्या खटल्यात साक्षीला उभं राहायला कोण धजणार? १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवलं. कलकत्त्याने नाकारलेला हुद्दा आता संरक्षण म्हणून परत आला. टाडा १९९५ ला संपला, १९९९ मध्ये महाराष्ट्राने मकोका केला आणि तीच तरतूद कलम १८ मध्ये आणली. तिथे डी.सी.पी. दर्जाचा अधिकारी लागतो.

या सभागृहात पश्चिम रेल्वेने आलेले बरेच जण असतील. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी सात लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. खटला मकोकाखाली चालला आणि फिर्यादी पक्षाचा मोठा आधार होता तो पोलीस अधिकाऱ्यांनी नोंदवलेले कबुलीजबाब. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुल्यांमधला मजकूर एकमेकांतून उतरवल्यासारखा जुळतो आणि त्या छळ करून घेतल्या गेल्या, असं कोर्टाला दिसलं. त्या बारांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत तुरुंगात जायचं कारण नाही, पण हा निकाल मकोकाच्या इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही.

ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांच्या हातात एकोणीस वर्षांनंतर काय आलं? बॉम्ब कोणी ठेवले याचं उत्तर नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा लागू झाला. जुनी २५, २६ आणि २७ ही कलमं त्यात एकत्र करून कलम २३ झालंय. भिंतही तीच, खिडकीही तीच. झडती-जप्तीचं मोबाइलवर चित्रण करायचं, एवढी भर दुसऱ्या संहितेत पडली आहे. चित्रण जागेपाशी पोचल्यावर सुरू होतं. त्याआधीच्या रात्री कोठडीत काय झालं ते त्यात येत नाही.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, मकोकावर येणार हे मला ठाऊक आहे.