हिमेजीचे दोन खांब

ओसाकाहून सुटणारी जलद गाडी तासाभरात हिमेजीला पोचवते. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर सरळ रुंद रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाशी, सुमारे किलोमीटरभर अंतरावर, शुभ्र किल्ला. सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगी ही सहल आम्ही एकट्यानेच केली. सोबत कोणी नसले की जिने आपल्या दमाने चढता येतात, हा त्यातला लाभ.

हाच सान्यो लोहमार्ग पुढे ओकायामा, फुकुयामा आणि हिरोशिमा या गावांना जातो. तिन्ही गावी किल्ले होते. २९ जून १९४५ रोजी ओकायामाचा मुख्य मनोरा जळाला, ६ ऑगस्टला हिरोशिमाचा कोसळला, ८ ऑगस्टला फुकुयामाचा जळाला. पुढे तिन्ही ठिकाणी काँक्रीटचे मनोरे उभे राहिले. हिमेजी शहरही त्या जुलैच्या आरंभी बेचिराख झाले. किल्ल्याचा पांढरा रंग विमानांना दिसू नये म्हणून त्यावर काळी जाळी पांघरली होती. पण तो वाचला त्याला मुख्यतः दैवच कारण. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर पडलेला आगलावा बॉम्ब फुटलाच नाही.

त्याआधीचे संकट मात्र स्वकीयांचे होते. १६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा इएयासूचा जावई इकेदा तेरुमासा याने १६०१ ते १६०९ या काळात आजचा मनोरा उभारला. बाहेरून पाच मजली, आतून सहा मजले आणि तळघर. शत्रूची वाट चुकवणारे वळणदार मार्ग, भिंतींतले त्रिकोणी-चौकोनी-वाटोळे झरोके, अशी सारी सिद्धता केली. पण मोठा वेढा कधी पडलाच नाही. मग सरंजामशाही संपली आणि १८७३ च्या सरकारी आदेशाने देशभरचे कित्येक किल्ले मोडीत निघाले. हिमेजी सैन्याच्या हाती गेला आणि सैन्याने छावणीसाठी आतल्या अनेक इमारती पाडल्या. मनोरा तरी राखावा, अशी विनंती १८७८ मध्ये नाकामुरा शिगेतो या कर्नलने सेनामंत्री यामागाता आरितोमो याच्याकडे केली. पाडणारे सैन्य आणि राखणाराही सैनिकच! हिशी दरवाजाच्या आत त्याच्या स्मरणार्थ शिळा आहे. बहुतेक प्रवासी तिच्याकडे न पाहता पुढे जातात.

मनोरा सावरून धरणारे दोन प्रचंड खांब तळापासून वरपर्यंत गेले आहेत, प्रत्येकी सुमारे २५ मीटर उंच. १९५६ ते १९६४ या काळात मनोरा तुळई-तुळई सुटा करून पुन्हा जोडला, तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला आढळला. त्याच्या जागी किसोच्या अरण्यातून आणलेला हिनोकी वृक्ष वाहतुकीत मोडला. अखेर दुसऱ्या वृक्षाशी त्याचा सांधा करून खांब सिद्ध झाला. पूर्वेचा खांब मात्र बुंधा बदलून जुनाच राहिला.

बूट पिशवीत घेऊन, उभे जिने चढत, आम्ही दोन्ही खांबांना हात लावून पाहिला. अस्सल किल्ला म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा एक आधार विसाव्या शतकातला आहे. आमच्या मते यात फसवणूक नाही. जुन्याची जागा नव्या लाकडाने घ्यायची, पण सुतारकामाची रीत तीच ठेवायची, ही तिकडची सचोटी आहे. काँक्रीटच्या मनोऱ्याला आकार मिळतो, ही रीत मिळत नाही.

काढलेला जुना खांब फेकलेला नाही. तो किल्ल्याच्या आवारातच ठेवला आहे. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही त्याच्यापाशी बराच वेळ थांबलो. तिथे गर्दी नव्हती.