सोशल मीडिया आणि तरुणांची भावनिक लवचिकता

पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर लोकलला साधारण ८० मिनिटे लागतात. कॉलेजला निघालेल्या अनेकांचा हा वेळ रील्स आणि स्टोरी पाहण्यात जातो. मित्रांनी ग्रुपमधून काढल्याचे वाशीजवळ कळले, तर पुढचा सगळा प्रवास त्याच विचारात होतो. अशा धक्क्यातून सावरून पुन्हा कामाला लागण्याची क्षमता म्हणजे भावनिक लवचिकता. यात वाईट वाटतेच, पण माणूस त्यात अडकून पडत नाही.

सावरणे अवघड का जाते?

कॉलेजमधला अपमान पूर्वी घरी आल्यावर मागे पडायचा. आता तो फोनसोबत घरी येतो. स्क्रीनशॉट फिरत राहतात आणि लाइक्स मोजता येतात. इतरांच्या निवडक आनंदी क्षणांशी आपल्या साध्या दिवसाची तुलना होते. त्यात रात्री उशिरापर्यंत स्क्रोल केल्याने झोप अपुरी राहिली, तर लहान गोष्टही मनाला जास्त लागते.

ही क्षमता वाढवता येते का?

हो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला. या पद्धतीनुसार घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो. ‘फोटोला लाइक्स मिळाव्यात’ ही इच्छा आहे, ‘मिळाल्याच पाहिजेत’ हा हट्ट. त्या ‘च’मुळे नाराजीचे रूपांतर नैराश्यात होऊ शकते. ‘लाइक्स कमी म्हणजे मी कुणालाच आवडत नाही’ असे मनात आले, तर त्याला पुरावा काय, हे स्वतःला विचारावे.

फोन बंद ठेवावा का?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. मुलांचा अभ्यास व्हावा, हा त्यामागचा हेतू. यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: सगळ्यांनी एकाच वेळी फोन बाजूला ठेवला, तर आपले काही चुकतेय ही धास्ती उरत नाही. घरातही जेवणाची वेळ अशी ठरवता येते. मात्र हा नियम आईवडिलांनीही पाळायला हवा.

मदत कधी घ्यावी?

उदासी, चिडचिड किंवा झोप न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तज्ज्ञांशी बोलावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर अजिबात थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो २४ तास सुरू असतो.