मेकिन खटल्यामागचं अंगण

वकिली शिकलेल्यांनी ‘मेकिन’ हे नाव पुराव्याच्या कायद्यात वाचलं असेल. मीही ते आधी नुसतं पाठ केलं होतं. त्यामागचं अंगण फार उशिरा कळलं.

ऑक्टोबर १८९२. सिडनीच्या मॅकडोनाल्डटाउन भागात गटाराचं काम करताना एका घराच्या परसात तान्ह्या बाळांची प्रेतं सापडली. तिथे आधी जॉन आणि सारा मेकिन राहत होते. अविवाहित आयांची मुलं ते सांभाळायला घेत, तीही इतक्या कमी पैशांत की बाळ फार दिवस जगलं तर तोटाच! मग त्यांच्या जुन्या भाड्याच्या घरांची अंगणंही खणली गेली.

खुनाचा दोष शाबीत झाला तो एकट्या होरेस मरेबाबत. बाकीची प्रेतं पुरावा म्हणून चालतील? लंडनची प्रिव्ही कौन्सिल म्हणाली: आरोपी वाईट माणूस आहे एवढंच दाखवायला नाही, मृत्यू अपघाती नव्हता हे दाखवायला, हो. अपील फेटाळलं गेलं, १५ ऑगस्ट १८९३ला जॉन फासावर गेला, आणि आपण आजही घोकतो ती सविस्तर कारणं आली डिसेंबरात. साराची फाशी मात्र टळली होती. १९११मध्ये ती तुरुंगातून सुटली.

होरेसच्या आईला लेकराची ओळख पटवावी लागली ती कपड्यांवरून.