तापीकाठचा घोडेबाजार

मराठी माणसाच्या दारातून घोडा गेला त्याला पुष्कळ काळ लोटला. पण त्याच्या तोंडातून तो अजून गेलेला नाही. काम पार पडले की आपले घोडे गंगेत न्हाते, उशीर झाला की ते वरातीमागून येते आणि अडचण उमगेनाशी झाली की ते कुठे पेंड खाते याचा आपण शोध घेतो. बोलण्यातला हा घोडा हाडामांसाचा पाहायचा असेल, तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावे.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी हे गाव आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरावे आणि पुढे मोटारीने जावे. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या जोडीने घोड्यांचा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या मुलखांतून घोडे येतात.

अशा ठिकाणी सोबतीला नवखा माणूस असावा. जाणता किंमत पाहतो. नवखा घोडा पाहतो. मी गेलो तेव्हा बरोबर मुंबईचा भाचा होता. त्याची घोड्याशी ओळख चौपाटीपुरती. पहिल्याच दावणीपाशी तो थबकला.

“मामा, याच्या कानांची टोके एकमेकांना कशी हो टेकतात?”

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची हीच तर खूण! त्याचे कुतूहल पाहून व्यापाऱ्याने घोड्याचा ओठ उचलून दाखवला. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरते. मालकाने वय चोरले तरी दात चोरत नाहीत. मग भोवऱ्यांची गोष्ट निघाली. अंगावरचा अमुक ठिकाणचा भोवरा शुभ, तमुक ठिकाणचा अशुभ. चारही पाय आणि तोंड पांढरे, तो पंचकल्याणी. यातले शास्त्र किती आणि समजूत किती, हा वाद बाजूला ठेवा. इतक्या बारकाईने जनावर न्याहाळणारी नजर काही एका दिवसात तयार होत नाही. पलीकडे रुमालाखाली बोटे दाबून सौदा चालला होता.

सारे पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, “पण मामा, आता घोड्याचा उपयोग काय?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर इतिहासात शिरावे लागते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. 1697 साली लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला, एक नालबंद. तलवारीआधी पाण्याचा आणि नालाचा विचार करणारा तो राजा होता. पावसाळ्यात घोडी छावणीत विसावत आणि दसऱ्याला मोहिमेवर निघत. उंची अरबी घोडा समुद्रमार्गे येई. 1510 मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी तो किफायतीचा व्यापार आपल्या मुठीत धरला. भीमेच्या खोऱ्यातले तट्टू मात्र घरचे. दिसायला लहान, पण चिवट. मराठी फौजा 1758 मध्ये अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या घोड्यांच्या पाठीवरून.

1818 साली पेशवाई बुडाली आणि शिलेदाराचा घोडा बेकार झाला. पुढे तो टांग्याला जुंपला गेला. मोटारीने तेही काम हिरावले. आज सारंगखेड्याला घोडा घेतला जातो तो वरातीसाठी, नाचासाठी, शर्यतीसाठी, आणि पुष्कळदा निव्वळ हौसेसाठी.

या हौसेला हसू नये. दात पाहून वय सांगणारी, चाल पाहून पायातले वैगुण्य ओळखणारी, नाल ठोकताना खूर न दुखवणारी विद्या पोथीत राहत नाही. ती हातात आणि डोळ्यांत राहते, बापाकडून मुलाकडे जाते. गिऱ्हाईक संपले की बाजार मोडतो, आणि बाजार मोडला की ही विद्या एका पिढीत पुसली जाते. कधी काळी राज्य ज्या विद्येवर उभे होते, तिला आज हौसेने तोलून धरले आहे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ संपेल, थंडी पडेल, मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ येईल. घरातल्या एखाद्या पोराला तापीकाठी घेऊन जा आणि त्याला हवे तेवढे प्रश्न विचारू द्या. उत्तरे देणारी माणसे अजून तेथे आहेत.